गणितात एक गुण : पायथॉनमधले वर्ग, वारसा आणि ‘हा अमुक आहे का?’ हा प्रश्न

मागच्या वेळी जिना उतरताना दोघांनी आम्हाला थांबवून विचारलं, की सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे कॉम्प्युटरचं खूळ कुठून? खूळ आहे हे कबूल. सत्तरी ओलांडल्यावर नातवाच्या पुस्तकावरून पायथॉन शिकायला बसलो, ते मुख्यतः दुपारची झोप टाळण्यासाठी. पण आजचा विषय त्या खुळातून आलेला नाही. तो आमच्या हातून झालेल्या एका चुकीतून आलेला आहे. तेव्हा आधी चूक सांगतो, मग विषयाकडे वळू.

एक संस्था गरजू मुलांना बारावीनंतर शिष्यवृत्ती देते. पाच विषयांची एक चाचणी घ्यायची, गुणांची बेरीज करायची आणि वरची तीस मुलं निवडायची, अशी त्यांची रीत. बेरीज पूर्वी हाताने व्हायची. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हटलं, कशाला एवढे कष्ट, आम्ही प्रोग्राम लिहून देतो. लिहिला. चाळीसेक ओळींचा असेल. तक्त्यातली एकेक चौकट वाचायची. तीत पूर्ण संख्या असेल तर ती बेरजेत घ्यायची (अर्धा गुण द्यायची पद्धत तिथे नाही). आणि संख्या नसेल, म्हणजे कुणी ‘गैरहजर’ लिहिलं असेल किंवा जागा रिकामी असेल, तर तो अर्ज बाजूला काढून माणसाच्या हाती द्यायचा. म्हणजे बघा, आम्ही दाराशी पहारेकरी बसवला होता. येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा, ‘तू पूर्ण संख्या आहेस का?’ नसेल तर आत प्रवेश नाही.

यादी लागली. दोन दिवसांनी एक बाई भेटायला आल्या. आवाज चढलेला नव्हता. म्हणाल्या, “सर, तिला बाकी चारही विषयांत सत्तरच्या वर आहेत. गणितात शून्य असतं तरी आम्ही समजलो असतो, पेपर हरवला असेल म्हणून. पण एक कसा?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी तक्ता उघडून बसलो. तिच्या गणिताच्या चौकटीत आकडा नव्हताच. तिथे एक चेकबॉक्स होता, त्यात बरोबरची खूण. उत्तरपत्रिका मिळाली आहे, तपासायची राहिली आहे, एवढंच कारकुनाला त्यातून म्हणायचं होतं. अशी खूण असलेली चौकट पायथॉन वाचतो तेव्हा त्याच्या हाती ‘ट्रू’ नावाची गोष्ट येते. ट्रू म्हणजे सत्य, होय. आणि आमच्या पहारेकऱ्याने त्या ट्रूला विचारलं, ‘तू पूर्ण संख्या आहेस का?’ ट्रू म्हणाला, ‘आहे.’ खोटं बोलला नाही तो. पायथॉनमध्ये ट्रू ही खरोखरच पूर्ण संख्या आहे, आणि तिची किंमत एक आहे. (हशा.) हसा, हसा. आम्हाला त्या रात्री हसू आलं नाही.

आता हे असं का, हे समजून घ्यायचं तर ‘आहे’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते. आपल्या मराठीत आपण म्हणतो, ‘कपिला गाय आहे.’ आणि आपण म्हणतो, ‘गाय हा प्राणी आहे.’ दोन्हीकडे ‘आहे’, पण नातं एक नाही. पहिल्या वाक्यात एक व्यक्ती आणि तिची जात यांचं नातं सांगितलंय. दुसऱ्यात दोन जातींचं, एक लहान, एक मोठी. भाषा हा फरक झाकून टाकते, पायथॉन झाकत नाही. तिथे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘इज-इन्स्टन्स’ विचारतो, ही वस्तू या वर्गातली आहे का? ‘इज-सबक्लास’ विचारतो, हा वर्ग त्या वर्गाचा उपवर्ग आहे का? आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर देताना दुसऱ्याचा आधार घेतला जातो. कपिला गाय आहे, गाय प्राणी आहे, म्हणून कपिला प्राणी आहे. ट्रू हा ‘बूल’ वर्गातला आहे, बूल हा ‘इंट’चा, म्हणजे पूर्ण संख्येचा, उपवर्ग आहे, म्हणून ट्रू पूर्ण संख्या आहे. अनुमानात खोट नाही. खोट असलीच तर ‘बूल हा इंटचा उपवर्ग आहे’ या मधल्या वाक्यात आहे.

ते वाक्य आलं कुठून, त्याला इतिहास आहे. गिडो व्हान रॉसम यांनी अॅमस्टरडॅमच्या गणित आणि संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत असताना १९८९ च्या डिसेंबरात पायथॉनवर काम सुरू केलं, १९९१ साली ती लोकांपुढे आली. त्या पायथॉनमध्ये सत्य-असत्य असा स्वतंत्र प्रकारच नव्हता. लोक एक आणि शून्य वापरायचे आणि भागायचं. २००२ साली रॉसम यांनी स्वतंत्र बूल प्रकाराचा प्रस्ताव मांडला, २००३ च्या दोन पूर्णांक तीन या आवृत्तीत तो रुळला. पण तोवर जगभर जो कोड लिहिला गेला होता त्याचं काय? तुलनेचं उत्तर एक किंवा शून्य येतं, ते बेरजेत टाकता येतं, या भरवशावर हजारो प्रोग्राम चालत होते. आतला, सी भाषेत लिहिलेला कोडही ‘ही पूर्ण संख्या आहे का?’ अशी तपासणी जागोजागी करत होता. म्हणून बूलला इंटच्या घरात जन्म दिला. म्हणजे जुन्या तपासण्या मोडणार नाहीत. आदर्श जगात बूल वेगळा असता तर बरं, हे खुद्द त्या प्रस्तावातच कबूल केलेलं आहे. आम्हाला हा प्रामाणिकपणा आवडला. पण आमच्या विद्यार्थिनीचा गणितातला एक गुण त्या सोयीतूनच आला, हेही तितकंच खरं.

आणखी एक गंमत. बूल या वर्गात सदस्य दोनच, ट्रू आणि फॉल्स. तिसरा करता येत नाही. आणि बूलपासून पुढे उपवर्गही काढता येत नाही, पायथॉन सरळ नकार देतो. बाप भरल्या घरचा, मुलगा निपुत्रिक.

आता आम्ही काय केलं ते ऐका, कारण इथे दुसरी चूक आहे. नातू म्हणाला, “आजोबा, इज-इन्स्टन्स काढून टाका. वस्तूचा नेमका प्रकार काय आहे तोच विचारा. ‘टाइप’ विचारायचा, तो इंटच असला पाहिजे, इंटचा वंशज चालणार नाही.” ट्रूचा टाइप बूल येतो, इंट येत नाही. झालं, प्रश्न सुटला. वर्षभर सुटलेलाच होता.

पुढच्या वर्षी संस्थेने फेरतपासणी सुरू केली. फेरतपासणीत बदललेले गुण वेगळे ओळखू यावेत, ते कोणत्या तारखेला बदलले हेही सोबत राहावं, म्हणून आम्ही इंटपासून एक उपवर्ग काढला. त्याला म्हणू ‘फेरगुण’. हा खराखुरा आकडा. बेरीज करा, तुलना करा, सगळं जमतं, फक्त पाठीवर तारीख चिकटवलेली. आणि प्रोग्राम चालवला तर फेरतपासणी झालेला प्रत्येक अर्ज बाजूला! कारण त्यांचा नेमका टाइप इंट नव्हता, फेरगुण होता. पहारेकरी आता इतका कडक झाला होता, की घरच्याच माणसांना दाराबाहेर ठेवायला लागला.

तर्कसंग्रह ज्यांनी वाचलाय त्यांच्या ध्यानात एव्हाना आलं असेल. आपल्याकडे लक्षणाचे तीन दोष सांगितलेत. गाईचं लक्षण करायचंय आणि तुम्ही म्हणालात ‘जिला शिंगं आहेत ती गाय’, तर म्हैस आत आली. ही अतिव्याप्ती. म्हणालात ‘जी तांबूस रंगाची ती गाय’, तर पांढरी गाय बाहेर राहिली. ही अव्याप्ती. म्हणालात ‘जिचा खूर अखंड ती गाय’, तर एकही गाय सापडणार नाही; तो असंभव. इज-इन्स्टन्सने आम्हाला अतिव्याप्तीत टाकलं, म्हैस आत आली. टाइपने अव्याप्तीत टाकलं, पांढरी गाय बाहेर गेली. चाळीस वर्षं वर्गात हे दोष शिकवले आणि चाळीस ओळींच्या प्रोग्राममध्ये दोन्ही केले. असंभव तेवढा राहिलाय, तोही होईल.

मग योग्य लक्षण कोणतं? पायथॉनच्या स्वतःच्या घरात पाहिलं तर उत्तर मिळतं. माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी ‘जेसन’ नावाची एक लेखनपद्धत आहे, आणि पायथॉनमधली वस्तू त्या पद्धतीत लिहून देणारा कोड पायथॉनसोबतच येतो. त्याच्यापुढे हाच पेच होता. ट्रू आला तर ‘ट्रू’ लिहायचं, एक लिहायचं नाही. त्या कोडमध्ये आधी विचारलंय, हा ट्रू आहे का, हा फॉल्स आहे का; आणि त्यानंतरच विचारलंय, ही पूर्ण संख्या आहे का. एवढंच. अपवाद आधी वेगळा काढायचा, मग सामान्य प्रश्न विचारायचा. क्रम उलटा केलात की चुकलात. आम्हीही आता तसंच करतो. बूल आधी अडवतो, मग इंटला आणि त्याच्या बाकी वंशजांना आत घेतो.

आता ‘वारसा’ या शब्दाविषयी दोन शब्द बोलायला हवेत, कारण तो शब्द आपली दिशाभूल करतो. वर्ग आणि उपवर्ग ही मांडणी पहिल्यांदा नीट झाली ती ओस्लोला, ‘सिम्युला ६७’ या भाषेत. ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगोर यांच्या हातून. आपल्याकडे वारसा म्हटलं की काय डोळ्यांपुढे येतं? वडील गेले, सातबाऱ्यावर मुलांची नावं लागली, वाटणी झाली. पायथॉनमध्ये यातलं काहीच होत नाही. बाप जिवंत असतो, आणि मुलाच्या नावावर काहीही झालेलं नसतं. उपवर्गाकडे एखादी कृती मागितली आणि ती त्याच्याजवळ नसली, तर पायथॉन तेवढ्यापुरता बापाच्या दारात जाऊन ती मागतो. दर वेळी नव्याने. त्यामुळे चालू प्रोग्राममध्ये कुणी बापाची कृती बदलली, तर सगळ्या मुलांची वागणूक त्याच क्षणी बदलते. हा वारसा नव्हे, हे एकत्र कुटुंब. कर्त्याने स्वयंपाकाचं तेल बदललं की सगळ्यांच्या भाजीची चव बदलते.

आणि एकाला दोन बाप असले तर? पायथॉनला चालतं. समजा ‘अ’ हा आजा. त्याची दोन मुलं, ‘ब’ आणि ‘क’. आणि ‘ड’ हा ब आणि क या दोघांचाही उपवर्ग. डकडे एखादी कृती नाही, ती बकडेही नाही. पण ककडे आहे आणि आजाकडेही आहे. कुणाची घ्यायची? जुन्या पायथॉनमध्ये ब, मग बचा बाप अ, असं सरळ वर चढत जायचे. म्हणजे कने सुधारून लिहिलेली कृती डावलून आजाची जुनाट कृती हाती यायची. दोन पूर्णांक तीनपासून नियम बदलला. त्याला ‘सी-थ्री’ म्हणतात, तो १९९६ साली डिलन नावाच्या दुसऱ्या एका भाषेसाठी मांडला गेला होता. नियमाचा मथितार्थ असा, की आधी मुलं, मग बाप. आणि आई-बापांचा जो क्रम तुम्ही लिहून दिलात तो मोडायचा नाही. म्हणून रांग लागते ती ड, ब, क, अ अशी. इथे ‘सुपर’ या शब्दाने भलेभले फसतात. बच्या आत ‘सुपर’ म्हटलं की लोकांना वाटतं, बचा बाप. पण डच्या रांगेत बच्या मागे अ उभा नाही, क उभा आहे. ज्याचं नावही बला माहीत नाही असा भाऊ. सुपर म्हणजे रांगेतला पुढचा, एवढंच.

आणि कधी कधी रांग लागतच नाही. एका वर्गाने लिहून ठेवलं, आधी अ मग ब. दुसऱ्याने लिहून ठेवलं, आधी ब मग अ. आता या दोघांपासून तिसरा काढायला गेलात तर पायथॉन तो वर्ग निर्माणच होऊ देत नाही. सुसंगत क्रम लागत नाही म्हणून सांगतो आणि थांबतो.

हे वाचलं तेव्हा आम्हाला उदयनाचार्य आठवले. दहाव्या शतकातले. किरणावलीत त्यांनी ‘जाती’ कशाला म्हणू नये याची सहा कारणं दिली आहेत. जाती म्हणजे इथे गोत्व, घटत्व असं सामान्य. समाजातली जात नव्हे, हे सांगून ठेवतो, नाहीतर चहाच्या वेळी वाद व्हायचा. त्या सहांपैकी एक कारण आहे ‘संकर’. भूत पाच : पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. मूर्त द्रव्यंही पाच : पृथ्वी, आप, तेज, वायू आणि मन. पहिली चार दोन्हीकडे आहेत. पण आकाश भूत असून मूर्त नाही, आणि मन मूर्त असून भूत नाही. म्हणजे भूतत्व मूर्तत्वाच्या पोटात बसत नाही, मूर्तत्वही भूतत्वाच्या पोटात बसत नाही, आणि तरी दोन्ही एकमेकांत घुसलेली. उदयन म्हणतात, अशी ती जाती नव्हे. खरी जाती एकतर दुसरीच्या पोटात असेल नाहीतर तिच्यापासून पूर्ण वेगळी असेल. म्हणजे झाडासारखी मांडणी हवी, प्रत्येक फांदीला एकच खोड. दोन बापांचा वर्ग उदयनांनी चालवून घेतला नसता. पायथॉन चालवून घेतो, फक्त रांग लागली पाहिजे एवढीच अट घालतो. दोघांत कोण बरोबर हा प्रश्न नाही. उदयन जगात काय आहे ते सांगत होते. पायथॉन करणाऱ्यांना काम चालवायचं होतं.

मग भूतत्व-मूर्तत्व ही काय आहेत? तर त्यांना उपाधी म्हणायचं. एखाद्या गोष्टीवर बाहेरून आलेला, कामापुरता धर्म. नेहमीचं उदाहरण पाचकत्वाचं, स्वयंपाकी असण्याचं. जो स्वयंपाक करतो तो स्वयंपाकी. त्यासाठी कुणी स्वयंपाक्याच्या पोटी जन्मावं लागत नाही. पायथॉनची मूळ वृत्ती हीच आहे. तिथे तिला बदकाच्या नावाने ओळखतात : बदकासारखं चालतं, बदकासारखं ओरडतं, तर बदक समजा, त्याचा दाखला मागू नका. एखाद्या गोष्टीची लांबी विचारायचीय ना, मग विचारा. तिला ती सांगता आली की झालं. ती यादी आहे की शब्द आहे की आणखी काही, याच्याशी तुम्हाला काय करायचंय? आम्हाला ही वृत्ती एकूण पटते. आमच्या वेळी नोकरीच्या मुलाखतीत गुरू कोण, घराणं कोणतं, हे आधी विचारायचे. शिकवता येतं का, हे सर्वांत शेवटी.

पण आमच्या प्रकरणात बदकानेही दगा दिला असता. समजा आम्ही काहीच तपासलं नसतं, फक्त ‘बेरीज करून बघ, जमलं तर ठीक’ म्हटलं असतं. ट्रू बेरजेत आनंदाने गेला असता. ट्रू अधिक ट्रू बरोबर दोन. तो बदकासारखा ओरडतो, चालतो, पोहतो. पण त्याला ज्याने चौकटीत ठेवलं त्याच्या मनात बदक नव्हतं.

पुढे पायथॉनने जाती आणि उपाधी यांच्यात एक पूल बांधला. २००८ च्या आवृत्त्यांपासून ‘अमूर्त पायावर्ग’ नावाची सोय आली. एखादा वर्ग अमुक घराण्यातला आहे असं केवळ नोंदवून टाकता येतं, प्रत्यक्ष वंशज नसताना. हे दत्तक विधान म्हणा. पण मजा अशी, की या दत्तकाला आडनाव मिळतं, घरातलं भांडंही मिळत नाही. इज-इन्स्टन्स त्याला ‘होय, हा आमचाच’ म्हणतो; पण कृती मागायला त्या घरी जाता येत नाही, कारण रांगेत ते घर नसतंच. आणि काही पायावर्ग तर नोंदही मागत नाहीत, अंगी गुण दिसला की आपला म्हणतात. यातून एक विचित्र परिस्थिती येते, आणि ती आम्ही आमच्या तर्कशास्त्राच्या जुन्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पायथॉनमध्ये ‘यादी’ हा ‘ऑब्जेक्ट’चा उपवर्ग आहे, सगळेच आहेत. ‘ऑब्जेक्ट’ हा ‘हॅशेबल’चा, म्हणजे शब्दकोशातली किल्ली होऊ शकणाऱ्यांचा, उपवर्ग आहे. तेव्हा यादी हॅशेबल असायला हवी. पण पायथॉनला विचारा : नाही. कारण यादी मध्येच बदलू शकते, म्हणून तिने तो बापाकडचा गुण मुद्दाम टाकून दिलाय. अ हा बमध्ये, ब हा कमध्ये, तरी अ हा कमध्ये नाही! मघाशी आम्ही कपिलेचं जे अनुमान मांडलं, ते पायथॉनमध्ये नेहमीच चालेल असं समजू नका.

उपवर्ग म्हणजे नुसतं वंशावळीत नाव नव्हे, वागणूकही तशी हवी, हे बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या एका भाषणात मांडलं आणि १९९४ साली जनेट विंग यांच्याबरोबर काटेकोरपणे लिहून काढलं. बाप जिथे चालतो तिथे मुलगा उभा केला तर प्रोग्रामचं काही बिघडता कामा नये. बूलच्या बाबतीत हे अंकगणितापुरतं पाळलंय. अर्थाच्या बाबतीत नाही. याहून उघड उदाहरण तारखेचं आहे. पायथॉनमध्ये ‘डेट’ म्हणजे नुसती तारीख. ‘डेटटाइम’ म्हणजे तारीख आणि वेळ, आणि हा डेटचा उपवर्ग. कुणीही म्हणेल, बरोबरच आहे, ज्यात तारीख आणि वेळ दोन्ही आहेत त्यात तारीख आहेच की. पण दोन तारखांपैकी आधीची कोणती, हे विचारता येतं; एक तारीख आणि एक तारीखवेळ यांतलं आधीचं कोणतं, असं विचारलंत तर पायथॉन चूक दाखवून थांबतो. दोन्ही एकाच दिवसाचे असले तरी ते समान आहेत का, याचं उत्तर ‘नाही’ येतं. विचार केला तर पायथॉनचं चुकत नाही. आज सकाळी नऊ वाजता, हे ‘आज’च्या आधी की नंतर? प्रश्नालाच अर्थ नाही. ‘आज’ हा चोवीस तासांचा पसारा आहे, नऊ वाजता हा त्यातला एक ठिपका. तारीखवेळ हा तारखेचा एक प्रकार नाहीच मुळी; तिच्यापोटी एक तारीख आहे, एवढंच. ‘असणं’ आणि ‘जवळ असणं’ यांतली ही गल्लत. आणि इथे इज-इन्स्टन्सचा पहारेकरी काहीही अडवत नाही, कारण कागदोपत्री सगळं ठीक आहे.

(श्रोत्यांपैकी एका तरुणाने विचारलं, की हल्ली पायथॉनमध्ये प्रकार लिहून ठेवता येतात, ते लिहिले असते तर ही चूक आधीच पकडली गेली नसती का?)

प्रश्न चांगला आहे. हो, २०१५ च्या तीन पूर्णांक पाच या आवृत्तीपासून तशी अधिकृत पद्धत आली. या कृतीला पूर्ण संख्या लागते, ही कृती शब्द परत देते, असं कोडमध्येच लिहायचं. पायथॉन स्वतः त्याकडे चालवताना लक्ष देत नाही. त्यासाठी ‘मायपाय’सारखं वेगळं साधन कोड न चालवता वाचून काढतं आणि विसंगती दाखवतं. फार उपयोगी आहे, आम्ही वापरतो. पण आमची चूक त्याने पकडली नसती, दोन कारणांनी. एक, चूक कोडमध्ये नव्हती, बाहेरून आलेल्या तक्त्यात होती. आणि दोन, त्याच्या दृष्टीनेही बूल हा इंटचा उपवर्गच; जिथे इंट हवा तिथे बूल दिला तर ते हूं की चूं करत नाही. उलट तिथे आणखी एक मौज आहे. पूर्ण संख्या ही दशांश संख्येचा, म्हणजे ‘फ्लोट’चा, उपवर्ग नाही, पाच हा फ्लोट आहे का, असं इज-इन्स्टन्सला विचारलं तर उत्तर ‘नाही’. पण लिहून ठेवलेल्या प्रकारांच्या नियमात फ्लोटच्या जागी पूर्ण संख्या चालते, तशी खास सवलत दिलेली आहे. म्हणजे एकाच भाषेतले दोन परीक्षक एकाच वस्तूविषयी वेगळा निकाल देतात. सोयीसाठीच, पुन्हा.

(एका बाईंनी विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं?)

पेपर त्याच आठवड्यात तपासून घेतला. ती यादीत आली, बावीस की तेवीसाव्या क्रमांकावर. अडचण अशी झाली, की तिसाव्या क्रमांकाच्या मुलाला आधीच कळवलेलं होतं. त्याचा काही दोष नव्हता, आणि त्याच्या घरी पेढे वाटून झाले होते. समितीची बैठक झाली. आम्ही तिथे जाऊन चूक आमची आहे, कारकुनाची नाही, असं सांगितलं. कारण कारकुनाने बरोबरची खूण ‘होय’ या अर्थी केली होती, आणि कुणीही शहाणा माणूस तो अर्थ तसाच घेईल. त्या वर्षी एकतीस शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या.

आताच्या प्रोग्राममध्ये चौकटीत ट्रू किंवा फॉल्स दिसला की तो पुढे जात नाही. विद्यार्थ्याचं नाव, विषय आणि ओळीचा क्रमांक पडद्यावर दाखवून थांबतो, आणि कुणीतरी फोन करून विचारल्याशिवाय यादी तयार होत नाही. गेल्या वर्षी तो चार वेळा थांबला. तीनदा पेपर तपासायचे राहिले होते. चौथ्यांदा खूण चुकून पडली होती, मुलगा त्या दिवशी आलाच नव्हता.